पाण्याचा रेणू वाकडा आहे, हे कुणी पाहिलं होतं?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न सोपा आला होता. पाण्याच्या रेणूतला कोन किती? १०४.५ अंश. का? ऑक्सिजनवर दोन लोन पेअर आहेत, म्हणजे बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या. त्या बंधातल्या जोड्यांना जास्त रेटतात, म्हणून १०९.५ चा कोन आकसतो. धडाधड सांगितलं, पाठच होतं.

मग समोरच्या सरांनी विचारलं, "हायड्रोजन सल्फाइडमध्येही दोनच लोन पेअर आहेत. तिथं ९२ अंश का?" मी गप्प. "बरं, लोन पेअर कुणी पाहिलीय का?" मी आणखी गप्प.

त्या दिवशी एसटीने धाराशिवला परत येताना लक्षात आलं, की बीएस्सी आणि एमएस्सीची पाच वर्षं मी तो तक्ता पाठ केला, पण तो आला कुठून हे एकदाही विचारलं नव्हतं. आता तुमच्यातले बरेच जण पेट, सेट, नेटची तयारी करताय. म्हणून हा इतिहास.

न बघता ओळखलेला आकार

१८७४ साली रेणू बघायचं कुठलंही साधन नव्हतं. रेणू खरोखर असतात का, यावरच वाद होता. तेव्हा नेदरलँड्समधल्या २२ वर्षांच्या फान्ट हॉफने एक छोटी पुस्तिका छापली. त्यातला युक्तिवाद आपण वहीच्या कागदावर करून बघू शकतो.

मिथेनमधले दोन हायड्रोजन काढून दोन क्लोरीन लावा. कार्बनचे चार बंध चौकोनाच्या चार कोपऱ्यांकडे जात असतील, तर दोन वेगळी संयुगं मिळायला हवीत. एकात क्लोरीन शेजारी-शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकाच प्रकारचं मिळतं. चतुष्फलक धरला तर कुठलेही दोन कोपरे एकमेकांचे शेजारीच असतात, त्यामुळे एकच संयुग येतं. हिशोब जुळला! शिवाय चारही गट वेगळे असतील तर आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं येतात. लॅक्टिक आम्लाचं कोडंही त्यातून सुटलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेल स्वतंत्रपणे याच निष्कर्षापर्यंत पोचला.

थोडक्यात, संयुगं मोजून आकार सांगितला गेला. लहानपणी आपण ज्वारीच्या धांड्यातला भेंड काढून, त्यात सालपटं टोचून बैलगाडी करायचो. तशीच चार टोकांची एक आकृती करून बघा, युक्तिवाद हातात येतो.

पुढे फान्ट हॉफ उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेत शिकवायला लागला. १८७७ मध्ये जर्मनीतल्या कोल्बे या बड्या रसायनशास्त्रज्ञाने त्याची जाहीर टवाळी केली आणि त्यात त्या शाळेचा उल्लेख मुद्दाम केला. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल फान्ट हॉफला मिळालं. ते आकारासाठी नव्हतं, द्रावणांवरच्या आणि अभिक्रियांच्या वेगावरच्या कामासाठी होतं. तरी आपल्यासारख्या लहान गावातून मुलाखतीला जाणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ठिपक्यांपासून नियमापर्यंत

आकार कळला, पण बंध म्हणजे काय? १९१६ मध्ये अमेरिकेत लुईसने सांगितलं, की बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी. त्याने सुरुवातीला इलेक्ट्रॉन घनाच्या आठ कोपऱ्यांवर मांडले होते. दोन घनांची एक कड जोडली की एकेरी बंध, एक पृष्ठभाग जोडला की दुहेरी. तिहेरी बंध मात्र घनात बसेना. म्हणून त्याने जोड्या चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर नेल्या. उरलेल्या जोड्या, म्हणजे आपल्या लोन पेअर, कागदावर नुसते दोन ठिपके होत्या.

त्या ठिपक्यांना काम दिलं ते सिजविक आणि पॉवेल यांनी, १९४० मध्ये. बंधातल्या आणि बंधाबाहेरच्या जोड्या मिळून किती, यावर रेणूचा आकार ठरतो, असं त्यांनी दाखवलं. १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी त्याला पुढची पायरी जोडली: लोन पेअर जास्त जागा घेते. हाच आपला व्हीएसईपीआर.

पण हा नियम दिशा सांगतो, नेमका आकडा सांगत नाही. माझी चूक इथेच होती.

पुण्यात काय झालं

"कुणी पाहिलीय का" या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर महाराष्ट्रात तयार झालंय. रेणूभोवती एखाद्या बिंदूवर एकक धन प्रभार ठेवला, तर त्याला किती ऊर्जा असेल? केंद्रकं त्याला ढकलतात, इलेक्ट्रॉन ओढतात. या बेरजेला रेणूचं स्थिरविद्युत विभव म्हणतात. १९७० च्या दशकात इटलीत स्क्रोको आणि टोमासी यांनी ते रसायनशास्त्रात रुजवलं. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विभवाचा भूगोल मांडला: खड्डे कुठे, खिंडी कुठे.

१९९० मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केलं, की केंद्रकांच्या जागा सोडल्या तर या विभवात कुठेही शिखर नसतं. सिद्धतेचा गाभा म्हणजे पॉयसनचं समीकरण, जे आपण सगळ्यांनी फिजिक्सच्या पेपरापुरतं पाठ केलेलं असतं. खड्डे मात्र असतात. अमोनियात नायट्रोजनजवळ एक, पाण्यात ऑक्सिजनजवळ दोन. म्हणजे जिथं लुईसने ठिपके काढले, तिथंच.

गद्रे यांना १९९३ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामासाठी कागद, गणित आणि संगणक लागत होता. महागडं यंत्र नाही म्हणून संशोधन होत नाही, असं म्हणण्याआधी हे आठवावं.

आता तोच प्रश्न आला तर

मी सांगेन: सर, लोन पेअर डोळ्यांनी दिसत नाही, पण तिची जागा विभवात खड्डा म्हणून सापडते. आणि गंधकाचा अणू मोठा आहे, त्यामुळे त्याचे हायड्रोजन एकमेकांपासून लांब राहतात. त्याचे बंधही बहुतांशी पी ऑर्बिटलमधून होतात, आणि ती एकमेकांना ९० अंशांत असतात. म्हणून ९२. पाण्यावरून केलेलं पाठांतर इथं पुरत नाही.

तयारी करताना प्रत्येक नियमासमोर वहीत दोन ओळी लिहा: हा कुठल्या निरीक्षणातून आला, आणि कुठे तुटतो. दुसऱ्या ओळीसमोर उत्तर सुचलं नाही, तर ते पान दुमडून ठेवा. कदाचित तुमचा पीएचडीचा विषय त्याच पानावर असेल.