मुंबईतील चेंबर संगीताचा एक अध्याय : वॉल्टर कॉफमन व बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी पहाटे रेडिओ लावून बसणाऱ्या श्रोत्याच्या कानी कार्यक्रमापूर्वी आकाशवाणीची संकेतधून पडत आली आहे. तंबोऱ्याच्या षड्जावर व्हायोलिनने उभी केलेली ती अल्पशी स्वराकृती शिवरंजनीची छाया घेऊन येते, आणि ऐकणाऱ्यास ती आपल्याच मातीतील वाटते. या धुनेचे जनकत्व मात्र सामान्यतः वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराकडे दिले जाते. निजामी राजवटीत १९४८ पर्यंत असलेल्या, पुढे परभणी जिल्ह्यात व १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावाचा आणि मुंबईतील एका लहानशा पाश्चात्त्य वादकवृंदाचा संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट होय. युरोपात ज्यास चेंबर संगीत म्हणतात, ते मुळात दालनातील संगीत. त्यात दोन ते आठ-नऊ वादक असतात, प्रत्येकाकडे स्वतंत्र स्वरभाग असतो आणि त्यांना दंडधारी संचालकाची गरज नसते. वादकांनी एकमेकांचे ऐकत वाजवावे आणि मोजक्या रसिकांनी जवळ बसून ऐकावे, ही त्याची रीत. आपल्या बैठकीशी त्याचे साम्य उघड आहे. तथापि भेदही तितकाच मूलगामी आहे. बैठकीत एक कलावंत मुख्य असतो, इतर साथीला असतात, आणि रचना तेथल्या तेथे फुलते. चेंबर संगीतात वादक समान अधिकाराचे असून रचना आधीच लिहिलेली असते. हा भेद ध्यानी ठेवल्यासच पुढील घटनांचा अर्थ लागतो.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन व प्राग येथे शिक्षण झाल्यावर, नाझी सत्तेची छाया युरोपवर पसरत असता, १९३४ च्या प्रारंभी ते मुंबईस आले. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा आपणास त्यातले काहीच उमगले नाही, अशी कबुली त्यांनी पुढे दिली आहे. परंतु ज्या संगीतावर लक्षावधी माणसे प्रेम करतात ते निरर्थक असणे शक्य नाही, तेव्हा दोष आपल्याच कानांचा असला पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. विद्यार्थ्यांनी या वृत्तीचे विशेष मनन करावे. अपरिचितास हीन न मानता स्वतःच्या अज्ञानाची शंका घेणे, हे संशोधकाचे पहिले लक्षण होय.

मुंबईत पाय ठेवल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. कॉफमन पियानोवर, एडिजिओ व्हेर्गा चेलोवर आणि मेहली मेहता व्हायोलिनवर, असा या वृंदाचा गाभा होता. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी वादन होई. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. सुमारे तीन वर्षांच्या अवधीत हा आकडा वर्षाकाठी पंचेचाळिसाच्या घरात जातो. म्हणजे साप्ताहिक नेम बव्हंशी पाळला गेला, हे त्या आकड्यावरूनच सिद्ध होते. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटची उभारणी केली. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले अनेक वादक याच काळात मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसंगीतात स्थिरावत होते. त्या परंपरेतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापून रागसंगीत व वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला.

यावर एक आक्षेप संभवतो. जिमखान्यातील हे वादन म्हणजे युरोपीय व उच्चभ्रू पारशी मंडळींचा विरंगुळा होता. गिरणगावातील कामगारास वा मराठवाड्यातील शेतकऱ्यास त्याचे सोयरसुतक काय? आक्षेपात तथ्य आहे. जिमखान्याच्या दारापुरतेच पाहिले तर हे संगीत एका वर्गापुरतेच राहिले. परंतु १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते, आणि ध्वनिलहरींना दारवान अडवीत नाही. याच वर्षांत त्यांनी भारतीय रागांचा अभ्यास केला व त्यांची छाया आपल्या रचनांत आणली. पुढे १९६८ साली त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरील व १९७६ साली दक्षिणेतील रागांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दालनातील संगीताचे फलित अशा रीतीने दालनाबाहेर पडले.

संकेतधुनेच्या कर्तृत्वाबाबत मात्र सावधगिरी हवी. जॉन फाउल्ड्स व ठाकूर बळवंतसिंग यांचीही नावे या संदर्भात घेतली गेली आहेत. कॉफमन यांचा पक्ष बलवत्तर मानला जातो, तरी तो निर्णय म्हणून नव्हे तर प्रबळ संभव म्हणूनच मांडणे न्याय्य ठरेल. लोकप्रियता हा पुरावा नव्हे.

तुलनेसाठी कोरियाचे उदाहरण उद्बोधक आहे. चेलोवादक व संगीतकार इसांग युन (१९१७–१९९५) हे उलट दिशेने, कोरियातून १९५६ साली युरोपात गेले आणि कोरियन दरबारी संगीतातील स्वराची कल्पना पाश्चात्त्य चेंबर रचनेत त्यांनी रुजविली. १९६७ साली त्यांना पश्चिम बर्लिनहून पळवून नेऊन सोलमध्ये कारावासात टाकण्यात आले. १९६९ साली आंतरराष्ट्रीय निषेधानंतर त्यांची मुक्तता झाली. हयातीत त्यांना मायदेशी परतता आले नाही. त्यांच्या बालपणीच्या तोंगयोंग या बंदराच्या गावी मात्र २००२ पासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो आणि २०१८ साली त्यांचे अवशेष बर्लिनहून आणून तेथेच पुरण्यात आले. ज्यास राज्यसत्तेने परके ठरविले, त्यास महोत्सवाच्या रंगमंचाने पुन्हा घरचे केले.

कॉफमन १९४६ साली मुंबई सोडून गेले. इंग्लंड व कॅनडामार्गे अमेरिकेत ब्लूमिंग्टन येथे ते स्थिरावले आणि १९८४ साली निवर्तले. २०२० साली टोरांटोच्या एआरसी आँसांब्लने त्यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा कोठे त्या संगीताकडे जगाचे लक्ष पुन्हा वेधले गेले. महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात आपण घराण्यांच्या वंशावळी कसोशीने मांडतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याचे कोणतेही घराणे नव्हते, ज्याला आसऱ्यासाठी या शहराचे दार ठोठवावे लागले, त्याने मागे ठेवलेल्या स्वरांनाही त्या इतिहासात जागा हवी. कळमनुरीच्या पहाटेस त्याचे नाव ठाऊक नव्हते. ते ठाऊक करून देणे हे इतिहासकाराचे काम आहे.