सब्ज्या तट्टाच्या गाठी

घोड्याचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर रणांगण उभे राहते. टापांचा आवाज, धुळीचे लोट, किल्ल्याच्या दरवाजापर्यंत भरधाव आलेला जासूद, हे सारे बखरींतून आपल्या परिचयाचे असते. म्हातारा झालेला घोडा मात्र इतिहासाच्या पानावर सहसा येत नाही. मोहीम संपली, लखोटा पोचला, की त्या जनावराचे पुढे काय झाले हे बखरकार सांगत नाही. तथापि त्याच्या उतारवयातील एक प्रश्न फार पुरातन आहे, आणि आजही माथेरानच्या लाल वाटेवर किंवा केदारनाथच्या चढणीवर तो कोणा ना कोणा धन्यापुढे उभा राहतो. तट्टू अठरा-वीस वर्षांचे झाले आहे. त्याच्या कातडीवर गाठी दिसू लागल्या आहेत. उपचार करावा, की जसे आहे तसे राहू द्यावे?

या प्रश्नात आमच्यासारख्या कारकुनाने हात घालावा याचे वाचकांस नवल वाटू नये. उपयोग संपत आलेल्या जिवाची व्यवस्था कशी लावावयाची, हा जितका वैद्यकाचा तितकाच कारभाराचा प्रश्न आहे, आणि आपल्या कारभाराच्या सर्वात जुन्या ग्रंथांपैकी एकाने त्यास स्पष्ट उत्तर दिलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. घोड्यांची नोंद, त्यांचे वय, वर्ण, खुणा, दाणावैरण हे सर्व तेथे आहेच; परंतु युद्धाने, रोगाने, जरेने किंवा अतिश्रमाने क्षीण झालेल्या घोड्यांस पोटापुरता आहार देऊन पोसावे, असेही तेथे सांगितले आहे. निवृत्तिवेतनाची कल्पना आपणांस इंग्रजांनी शिकविली असे मानणाऱ्यांनी हे सूत्र अवश्य वाचावे. त्याच प्रकरणात दुसरा एक नियम आहे, तो अधिक मार्मिक आहे. चिकित्सेतील किंवा औषधातील दोषामुळे रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. आणि त्या अपराधामुळे जनावर दगावले, तर त्याच्या किमतीइतका दंड. उपचार केला म्हणजे भले केले, असे कौटिल्य गृहीत धरीत नाही. उपचारानेही अपाय होऊ शकतो, हे त्याच्या हिशेबात आलेले आहे.

अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची आणि पशूंची अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. पुढे शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाची मोठी परंपरा उभी राहिली. उत्तर हिंदुस्थानात घोड्याच्या वैद्यास ‘सलोत्री’ म्हणत, तो शब्द याच नावापासून आला. फारसीत या विद्येची भाषांतरे झाली, आणि त्यांतील एकाचे इंग्रजी रूपांतर जोसेफ अर्ल्स याने १७८८ साली कलकत्त्यास छापले. जयदत्ताचे अश्ववैद्यक व नकुलाच्या नावावर असलेली अश्वचिकित्सा हे ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एशियाटिक सोसायटीच्या मालेतून प्रसिद्ध झाले. दात पाहून वय ओळखण्याची रीत या परंपरेस पूर्ण अवगत होती. वराहमिहिराने बृहज्जातकात घोड्याचे परमायुष्य बत्तीस वर्षे धरले आहे. म्हणजे वीस वर्षांच्या तट्टास पुढे काही वर्षे असू शकतात, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

गाठींविषयी मात्र सर्वात नेमके विवेचन सुश्रुताने केलेले आहे. ते मनुष्यासाठी आहे, हे खरे. परंतु आपल्या अश्ववैद्यांची विचारपद्धती याच शास्त्रातून आलेली असल्यामुळे ते येथे अप्रस्तुत नाही. सुश्रुत अर्बुदाचे वर्णन करताना ते हळूहळू वाढते आणि पिकत नाही असे सांगतो. मर्मस्थानी किंवा स्रोतसाच्या ठिकाणी उठलेले अर्बुद तो वर्ज्य मानतो. शस्त्रक्रियेसंबंधी त्याची सूचना तर आजही शस्त्रवैद्याने ध्यानात ठेवावी अशी आहे: अर्बुद काढावयाचे तर निःशेष काढावे, थोडा जरी अंश उरला तरी ते पुन्हा वाढते आणि विझता राहिलेल्या अग्नीप्रमाणे घात करते. याखेरीज साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये त्याने ‘याप्य’ नावाची एक पायरी ठेवली आहे. जो रोग बरा होत नाही, पण योग्य योजनेने आटोक्यात ठेवता येतो, तो याप्य. कोसळू पाहणाऱ्या घरास नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तशी ही चिकित्सा होय. म्हाताऱ्या तट्टाच्या गाठींचा प्रश्न बहुधा या मधल्या पायरीवरच येऊन थांबतो.

शास्त्राचे हे झाले. व्यवहारात निर्णय कोणाच्या हाती होता, हेही पाहिले पाहिजे. मराठ्यांच्या फौजेत बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराचे जनावर निकामी झाले तर पागेतून दुसरे मिळे. शिलेदाराचा घोडा गेला म्हणजे त्याची शिलेदारीच गेली. इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यात ही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालविली. तेथे नव्या घोड्याच्या खर्चासाठी स्वारांच्या वर्गणीतून निधी ठेवीत. सरकारी घोड्याचा निकाल नियमाने लागतो. स्वतःच्या घोड्याचा निकाल लावताना धन्याच्या घरची चूलही मोजावी लागते. आजचा भाड्याच्या तट्टाचा मालक हा या अर्थाने शिलेदारच आहे. तट्टू महिनाभर ठाणावर बांधून ठेवावयाचे म्हणजे महिनाभराची मिळकत सोडावयाची. त्याने गाठीकडे काणाडोळा केला तर त्यास निर्दय म्हणण्यापूर्वी ही गोष्ट विसरू नये.

तरीही काही गाठी अशा आहेत की तेथे धन्याची मर्जी चालत नाही. ग्लँडर्स या रोगाच्या एका प्रकारात, ज्यास फार्सी म्हणतात, कातडीखाली गाठी येतात, फुटतात आणि त्यांचे व्रण होतात. तो माणसासही होऊ शकतो आणि जिवावर बेततो. म्हणून १८९९ साली सरकारने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. २००९ साली आलेल्या सांसर्गिक पशुरोगांच्या कायद्यातही त्याची गणना आहे. २००६ साली हा रोग महाराष्ट्रात पुन्हा उद्भवला, तेव्हा ही केवळ जुन्या दप्तरांतील गोष्ट नव्हे हे सर्वांस कळून चुकले. येथे उपचाराचा पर्यायच नाही. बाधित जनावर नष्ट करावे लागते. याचा अर्थ असा की, करावे की न करावे या वादाआधी गाठ कशाची आहे हे पशुवैद्याकडून निश्चित करून घेणे हे पहिले कर्तव्य ठरते.

ती गाठ संसर्गाची नसून खरोखरीचे अर्बुद असेल, तर तट्टाचा रंग पाहावा. सब्जा घोडा जन्मतः काळा, तांबडा किंवा अन्य गडद रंगाचा असतो. वयाबरोबर त्याचे केस पांढरे होत जातात, कातडी मात्र काळीच राहते. दिल्लीकडे लग्नसराईत नवरदेवास मिरविणाऱ्या शुभ्र घोड्यांतही असे सब्जे असतात. या घोड्यांस उतारवयात शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, कधी ओठांवर व कानामागे काळ्या, टणक गाठी येतात. त्यांस मेलॅनोमा म्हणतात. सर जॉन मॅकफेडियन यांनी १९३३ साली या रोगावर सविस्तर निबंध लिहिला. पंधरा वर्षे ओलांडलेल्या सब्ज्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांस या गाठी होतात, हा आकडा ग्रंथांतून वारंवार येतो. पुढे लिपिझान जातीच्या २९६ सब्ज्या घोड्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी निम्म्यांस गाठी आढळल्या. २००८ साली उप्साला येथील संशोधकांनी दाखवून दिले की केस पांढरे करणारा आणि गाठींचा धोका वाढविणारा जनुकातील फेरफार एकच आहे, आणि सर्व सब्ज्यांस तो एका सामाईक पूर्वजापासून मिळालेला आहे. ज्या शुभ्रतेसाठी राजांनी हे घोडे निवडले, तिची किंमत त्या घोड्यांनी म्हातारपणी चुकती केली!

या काळ्या गाठी माणसाच्या मेलॅनोमाप्रमाणे धावत सुटत नाहीत. पुष्कळदा त्या वर्षानुवर्षे मंदगतीने वाढतात. काहींच्या बाबतीत मात्र त्या शरीरात आत पसरतात. त्यामुळे ‘हात लावू नये’ हा सल्ला दीर्घकाळ प्रचलित होता. आता पुष्कळ पशुवैद्य सांगतात की गाठ लहान आणि सोयीच्या जागी असेल तर वेळीच काढावी. कारण शेपटीखालचा पुंजका मोठा झाल्यावर लीद टाकण्यास अडथळा होतो, आणि तेव्हा शस्त्रास जागाच उरत नाही. सुश्रुताने स्रोतसाचा उल्लेख का केला असावा, ते येथे उमगते.

सार्कॉइड हा दुसरा प्रकार कोणत्याही रंगाच्या घोड्यास होतो. दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन यांनी १९३६ साली त्याचे वर्णन केले. १९५१ साली ओल्सन व कुक यांनी गुरांच्या चामखिळीचा अर्क टोचून घोड्याच्या कातडीत तशाच गाठी उत्पन्न केल्या, आणि त्याच्या मुळाशी गुरांचा विषाणू असल्याचे पुढे सिद्ध होत गेले. ही गाठ सहसा आत पसरत नाही. पण अर्धवट कापली तर चवताळून परत येते. कापणे, गोठविणे, औषध टोचणे असे अनेक उपाय आहेत. त्यांतला एक उपाय आपल्या ओळखीचा आहे. क्षयाविरुद्धची बीसीजी लस, जिचा व्रण आपल्यापैकी पुष्कळांच्या दंडावर आहे आणि जिच्या उत्पादनासाठी मद्रासला गिंडी येथे १९४८ साली प्रयोगशाळा निघाली, ती डोळ्याभोवतीच्या सार्कॉइडमध्ये टोचली असता पुष्कळदा गाठ विरते. त्या लसीच्या दोन जनकांपैकी गेराँ हे स्वतः पशुवैद्य होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते येथे दोन घड्याळे शेजारी ठेवून पाहावी लागतात. एक गाठीचे, दुसरे तट्टाचे. गाठ किती वेगाने वाढते, कोठे आहे, दुमची, तंग किंवा लगाम तिच्यावर घासतो काय, तिच्यातून रक्त येऊन माशा बसतात काय, हे पहिले घड्याळ. दात शाबूत आहेत काय, अंग धरून आहे काय, खूर ठीक आहेत काय, हे दुसरे. घोड्यास पूर्ण भूल देणे ही लहान गोष्ट नव्हे. पोटशूळाखेरीज इतर कारणांसाठी दिलेल्या भुलीतही शंभरात सुमारे एक घोडा दगावतो, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसून आले. म्हणून म्हाताऱ्या जनावराची लहान गाठ उभ्यानेच, गुंगी देऊन आणि तेवढीच जागा बधिर करून काढणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. वाटाण्याएवढी, कोरडी, कशासही न घासणारी गाठ असलेले तेवीस वर्षांचे तट्टू सुखाने चरत असेल, तर त्यास चरू द्यावे. तीच गाठ दुमचीखाली सोलवटत असेल, तर प्रथम दुमची काढावी, ओझे उतरवावे, आणि मग पशुवैद्यास विचारावे.

यानंतर उरतो सर्वात कठीण प्रसंग: वेदना थांबत नाहीत आणि उपायही उरलेला नाही. आपल्या देशात या बाबतीत दोन प्रवृत्ती एकमेकींशेजारी नांदत आल्या आहेत. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली निघाला. तेथे जनावर मरेपर्यंत पोसणे हाच धर्म. दुसरी प्रवृत्ती १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात उतरली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून तो आला, आणि जनावर जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरत असेल तर त्याचा क्लेशरहित अंत करण्याची तरतूद त्यात आहे. या दोहोंत विरोध आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दोहोंसही एक गोष्ट मान्य व्हावी: जनावर काय सोसत आहे, हे धन्याने रोज डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

उपचार न करणे आणि दुर्लक्ष करणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतील भेद ओळखण्याची एक साधी खूण आम्हांस आमच्या धंद्यामुळे सुचते. न करण्याचा निर्णय ज्याने खरोखर घेतला आहे, त्याच्याजवळ त्याची नोंद असते. महिन्याच्या पहिल्या तारखेस सुताने गाठ मोजावी, माप वहीत लिहावे, तट्टू किती खाते आणि शेपूट कशी धरते हेही लिहावे. तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक आले की पशुवैद्यासही निर्णय देणे सोपे जाते. अश्वाध्यक्षाने घोड्यांचे वय, वर्ण व खुणा लिहून ठेवाव्यात, असे कौटिल्याने सांगितले, त्यात राज्याच्या हिशेबाचा हेतू होता. त्याच वहीत म्हाताऱ्या तट्टाच्या वेदनेसाठी एक रकाना आखला, तर ती वही त्या मुक्या जिवाचा अर्ज होईल, आणि तो वेळीच वाचला जाईल.