पाळणा आणि मैदान



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीतील एका घरची सून आली होती. लग्नाला तीन वर्षे झालेली. शाळेत असल्यापासून पळण्याच्या शर्यतींत उतरणारी आणि राज्यपातळीवर पदके मिळवलेली मुलगी. पहाटे साडेचारला उठून ती बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सरावाला जाते. वाण देताना मी तिला सहज विचारले, "काय गं, गोड बातमी कधी देणार?" भोवतालच्या चारजणी हसल्या. तीही हसली, तिळगूळ घेतला आणि घाईघाईने निघून गेली. त्यानंतर ती मंडळात फिरकली नाही.

महिन्याभराने तिच्या सासूबाई दळणाला जाताना भेटल्या. म्हणाल्या, "वहिनी, त्या रात्री पोरगी जेवली नाही बघा. मूल तिला हवंय. पण तिची मोठी निवडचाचणी तोंडावर आली आहे. आधी मूल की आधी मैदान, हा हिशेब तिला झोपू देत नाही."

मला फार वाईट वाटले. आपण बायका एकमेकींना हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारतो की तो कुणाला लागेल हे ध्यानातच येत नाही. मग मनात आले की हा हिशेब काही या एकटीलाच पडला नसेल. पूर्वी ज्या बायका मोठ्या खेळाडू झाल्या, त्यांनी तो कसा सोडवला? वाचनालयातून पुस्तके आणून आणि मुलाकडून मोबाईलवर शोधून घेऊन जे हाती लागले, ते या स्मरणिकेत मांडते.

आपल्या हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या जत्रेत चैत्र पौर्णिमेला बगाड निघते आणि कुस्त्यांचा आखाडा भरतो. आखाड्यात खाशाबा जाधवांचे नाव निघाले नाही असे सहसा होत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, हे आपल्या घराघरातील पोरांना ठाऊक आहे. परंतु त्याच हेलसिंकीला भारताच्या चार मुलीही गेल्या होत्या, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत असेल? धावण्यासाठी मेरी डिसूझा आणि नीलिमा घोष, पोहण्यासाठी डॉली नाझीर आणि आरती साहा. पैकी मेरी डिसूझा आणि डॉली नाझीर आपल्या मुंबईच्या. स्वतंत्र भारतातर्फे ऑलिंपिकला गेलेल्या या पहिल्या स्त्रिया.

आणि योगायोग असा, की त्याच १९५२ साली आपल्या देशात सरकारी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. वरवर पाहता या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. पण मला वाटते, खूप आहे. ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा येते. ज्या बाईला आपले पुढचे बाळंतपण कधी, हे ठाऊकच नाही, ती चार वर्षांनंतरच्या शर्यतीची तयारी कशी करणार? मैदानावर जाण्यापूर्वी स्त्रीला आधी स्वतःचे पंचांग स्वतःच्या हाती यावे लागले.

ते सुखासुखी आले नाही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले, तर त्यावरसुद्धा केवढा गदारोळ झाला! अठराची अट यायला १९७८ साल उजाडावे लागले. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवले. लोकांनी खटले भरले, टवाळी केली. पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी १९३८ पासून हेच काम हाती घेतले. मूल केव्हा व्हावे हे ठरवण्याचा अधिकार बाईला आहे, एवढे म्हणण्यासाठी या मंडळींनी लोकांचे बोल ऐकले. आज दवाखान्यात जाऊन आपण तांबी बसवून घेतो, तेव्हा त्यांची आठवण कुणाला येते?

आता खेळाडूंकडे वळू. हॉलंडमध्ये फॅनी ब्लँकर्स-कोएन नावाची एक गृहिणी होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला ती अठरा वर्षांची असताना धावली. पुढे महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे सामने झालेच नाहीत. ऐन उमेदीची वर्षे युद्धात गेली, तिला दोन मुले झाली. १९४८ साली लंडनला जायला निघाली तेव्हा ती तीस वर्षांची होती. हिने आता घरी बसून मुलांकडे पाहावे, असे लोक उघड म्हणू लागले. तिने लंडनला चार सुवर्णपदके जिंकली. तिचा नवराच तिचा शिक्षक होता. ती परत आली तेव्हा ॲमस्टरडॅमच्या शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली, म्हणजे आता इतके पळावे लागू नये! काल नावे ठेवणारे आणि आज सायकल देणारे शेजारी साऱ्या जगात सारखेच, असे वाचताना वाटले. त्या शेजारणींत मी कुठे बसते, हेही मनात आल्याशिवाय राहिले नाही.

आपल्याकडची उदाहरणेही थोडी नाहीत. पी. टी. उषाने १९९१ साली लग्न केले, पुढे मुलगा झाला. सगळ्यांनी तिचे धावणे संपले असे धरले होते. पण १९९८ साली जपानमध्ये फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, चौतिसाव्या वर्षी, तिने पुन्हा पदके मिळवली. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ साली जुळे मुलगे झाले. दुसऱ्याच वर्षी ती मुष्टियुद्धाची जागतिक विजेती झाली. २०१२ साली लंडनला ऑलिंपिक कांस्यपदक, २०१३ साली तिसरा मुलगा आणि २०१८ साली दिल्लीत सहावे जागतिक विजेतेपद! ती परदेशी खेळत असे त्या काळात तिच्या नवऱ्याने घर आणि मुले सांभाळली.

आपल्या महाराष्ट्राच्या अंजली भागवत यांनी वेगळा क्रम धरला. मुंबईच्या अंजली वेदपाठक यांनी २००० साली सिडनीला नेमबाजीची अंतिम फेरी गाठली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लग्न केले. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली आणि त्याच वर्षी त्या जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. २००४ साली अथेन्स, २००८ साली बीजिंग. मधल्या काळात त्या पुण्याला राहायला आल्या. आणि २०१० साली, चाळिशीत, त्यांना मुलगा झाला. लग्नानंतर जवळजवळ दहा वर्षांनी! मला संक्रांतीची आठवण झाली. या दहा वर्षांत किती हळदीकुंकवे झाली असतील!

पण सर्व खेळ सारखे नसतात. नेमबाजीत नजर आणि मन स्थिर लागते, तिथे वय थोडे थांबते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जागतिक विजेत्या झाल्या, पण ऑलिंपिकला पहिल्यांदा गेल्या त्या २०२१ साली, टोकियोला, चाळिसाव्या वर्षी. धावण्याचे मात्र तसे नाही. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दहावा क्रमांक मिळवला. धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी १९८४ च्या उषानंतरची ती पहिलीच भारतीय स्त्री. त्या वेळी तिचे वय सत्तावीस होते. पळणाऱ्या बाईच्या पायांत सर्वांत जास्त बळ असते ते साधारण पंचविशी ते तिशीच्या आसपास. आणि मूल होण्याचीही हीच खरी वर्षे. तिशीनंतर ती शक्यता हळूहळू उतरते, पस्तिशीनंतर अधिक वेगाने. दोन्ही पिकांचा हंगाम एकच, आणि शेत एकच. आमच्या आळीतल्या सुनेला झोप येत नाही ती यामुळे.

शिवाय खूप सराव आणि त्या मानाने कमी खाणे झाले, तर खेळाडू मुलीची पाळी अनियमित होते, कधी बंदही पडते. पुष्कळ मुलींना हे बरेच वाटते, कटकट गेली म्हणून. पण ते शरीराचे गाऱ्हाणे असते. त्याने हाडे ठिसूळ होतात आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. म्हणून ज्यांच्या मुली खेळतात, त्या आयांनी हे डॉक्टरांना वेळीच सांगावे, लाजू नये.

विज्ञानानेही मदतीचा हात दिला आहे. १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आता स्त्रीबीज गोठवून पुढे वापरण्याची सोयही आहे. पण ती महाग आहे आणि तिने मूल होईलच अशी हमी कुणी देत नाही. २०२५ साली स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेने खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत भरपगारी बाळंतपणाची रजा आणि अशा उपचारांसाठी मदत देण्याचे जाहीर केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वसाहतीत प्रथमच बाळांसाठी खोली ठेवली गेली. पहिल्या स्त्रिया ऑलिंपिकमध्ये खेळल्या १९०० साली, त्याच पॅरिसला. म्हणजे त्या खेळायला आल्यानंतर त्यांच्या बाळाला एक खोली मिळायला एकशे चोवीस वर्षे लागली!

एक चित्र मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. २०२२ साली न्यूझीलंडला स्त्रियांच्या विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना झाला. पाकिस्तानची कर्णधार बिस्माह मारूफ सहा महिन्यांची मुलगी घेऊन आली होती. बाळ सांभाळायला तिची आई सोबत होती. सामना संपल्यावर आपल्या मुली त्या बाळाभोवती गोळा झाल्या आणि त्याला खेळवू लागल्या.

हे सारे वाचून मला एकच गोष्ट कळली. कुणी आधी मूल होऊ दिले, कुणी मध्ये, कुणी शेवटी. क्रम कोणताही असो, तो त्या त्या बाईने आपल्या खेळाचा आणि शरीराचा विचार करून ठरवावा. त्यात शेजारणींनी मत देण्याचे कारण नाही. पण आई होऊन जी जी मैदानावर परतली, तिच्या मागे बाळ घेणारे दोन हात होते. कुठे नवऱ्याचे, कुठे आईचे. ते हात नसते, तर तिच्या पायांतील बळ काय कामाचे?

पूर्वी आपल्या गावात शेतावर जाणारीचे पोर शेजारीण सांभाळत असे. त्यात कुणाला उपकार वाटत नसत. आता भोवती कंपन्यांच्या इमारती झाल्या, दारे बंद झाली. परंतु मंडळाची खोली सकाळी सहा ते नऊ रिकामीच असते. सरावाला, कामाला जाणाऱ्या आयांची मुले त्या वेळेत आपण पाळीपाळीने सांभाळली, तर? मी हा ठराव येत्या सभेत मांडणार आहे, आणि पहिला आठवडा माझा धरावा.

परवा त्या सुनेकडे जाऊन मी तिची क्षमा मागितली. म्हटले, "पोरी, तू पळ. मूल तुला हवे तेव्हा होऊ दे, नको वाटले तर नको. झालेच, तर तुझ्या सरावाच्या वेळी ते माझ्याकडे राहील." ती काही बोलली नाही. पण निघताना दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "काकू, बालेवाडीला एकदा बघायला या ना." मी अजून कधी कुठल्या बाईला शर्यतीत पळताना पाहिलेले नाही. तिची पुढची शर्यत असेल त्या दिवशी घरचा स्वयंपाक लवकर उरकून मी जाणार आहे. ज्या भगिनींना यायचे असेल, त्यांनी मला कळवावे.