बिअरचे पिंप आणि अबकारीची दौत

इंग्लंडातील जुन्या वळणाच्या पबमध्ये गिऱ्हाइकासमोरच्या फळीवर लांब मुठींची एक रांग दिसते. तळघरातील पिंपांतून बिअर वर खेचणाऱ्या हातपंपांच्या त्या मुठी होत. बाटलीत न भरता अशी थेट पिंपातून दिली जाणारी ती ड्राफ्ट बिअर. मुठींवर नावे निरनिराळी : बिटर, माइल्ड, पोर्टर, स्टाउट. हे प्रकार कसे झाले असे विचारले, तर तेथील रसिक पाण्याचा, जवाचा आणि हॉपच्या कडू फुलांचा महिमा सांगतात. तो खोटा नाही. परंतु ज्यांचे आयुष्य सरकारी फायलींत गेले त्या आपल्यासारख्या वाचकांना या कथेतले आणखी एक पात्र चटकन ओळखू येईल. ते म्हणजे अबकारी खाते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या हमालांत एक गडद बिअर लोकप्रिय झाली आणि त्यांच्यावरूनच तिला पोर्टर हे नाव मिळाले. मोड आणून धगीवर तपकिरी होईतो भाजलेल्या जवाच्या माल्टपासून ती करीत. शतक सरता सरता रसातील साखर मोजण्याचे उपकरण आले आणि तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टातून कितीतरी अधिक साखर निघते, हे कारखानदारांना आकड्यांत दिसले. माल्टवर कर होता व फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे तो वाढत होता. तेव्हा फिके माल्ट वापरावे आणि रंग बाहेरून घालावा, हा मार्ग त्यांनी धरला. १८१६ साली सरकारने माल्ट व हॉप यांखेरीज काहीही घालण्यास बंदी केली. लगेच पुढच्या वर्षी डॅनियल व्हीलर याने माल्ट पिंपात फिरवून कॉफीसारखे काळे भाजण्याचे पेटंट घेतले. चिमूटभर काळे माल्ट घातले की रंगही येई आणि कायदाही पाळला जाई. स्टाउटचा काळेपणा हा त्याच युक्तीचा वारसा.

या धंद्याचा व्याप केवढा होता, याची साक्ष एका भीषण अपघाताने दिली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या सेंट जाइल्स वस्तीलगत म्यू कंपनीच्या कारखान्यात पोर्टरच्या एका प्रचंड लाकडी टाकीचे लोखंडी कडे निखळले आणि थोड्याच वेळात टाकी फुटली. तो लोंढा भिंत पाडून गरिबांच्या खोल्यांत शिरला. आठ जण दगावले, सारी बायकामुले. पंचांनी अपघाती मृत्यू ठरविला. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला कर कंपनीला सरकारकडून परत मिळाला; मृतांच्या आप्तांना भरपाई देण्याचे दायित्व मात्र तिच्यावर आले नाही. हिशेबाची ही पद्धत ओळखीची वाटल्यास नवल नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात पोर्टर मागे पडून फिकी एल पुढे आली. बर्टन गावच्या जिप्समयुक्त पाण्यात ती विशेष साधे. तिचा हिंदुस्थानाशी संबंध जोडला जातो तो रास्तच. पण ती साहेबांच्या मेजासाठी येई, गोऱ्या शिपायांच्या बराकीत पोर्टरच जाई. हीच फिकी एल पिंपातून मिळू लागली तेव्हा गिऱ्हाइकांनी तिला बिटर म्हटले.

माइल्डची कथा याहून बोलकी आहे. माइल्ड म्हणजे मुरवत न ठेवलेली ताजी बिअर. सौम्यतेशी त्या नावाचा संबंध नव्हता. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो आंबविण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेवर बसविला. आता जितकी पातळ बिअर तितका कर कमी. पहिल्या महायुद्धात हा कर भराभर चढला, धान्य टंचाईचे झाले, आणि बिअर पातळ होत गेली. युद्ध संपले तरी जुना जोम परतला नाही. माइल्ड म्हणजे सौम्य, असेच लोक समजू लागले. शब्दाचा अर्थ कोशकारांनी नव्हे, करपत्रकाने बदलला!

त्याच युद्धात सरकारने १९१६ साली कार्लाइल परिसरातील कारखाने व पब ताब्यात घेतले. जवळच ग्रेटना येथे दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता आणि कामगारांचे पिणे आवरायचे होते. ही सरकारी पानगृहे १९७३ पर्यंत चालली.

मात्र पिंपातील बिअरवरचा सर्वांत मोठा घाला सरकारचा नव्हता. खरी ड्राफ्ट बिअर पिंपात जिवंत असते. तळघराच्या गारव्यात ती पुन्हा आंबते, निवळते, आणि पिंप उघडल्यावर थोड्याच दिवसांत संपवावी लागते. तिची राखण हे कसबाचे काम. १९६० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी गाळून, तापवून, वायूच्या दाबाने भरलेली केग बिअर आणली. ती टिकाऊ, सर्वत्र सारखी, आणि माझ्या मते निर्जीव. तिच्याविरुद्ध १९७१ मध्ये चार मित्रांनी काढलेली चळवळ इतकी फोफावली की हातपंप पुन्हा दिसू लागले.

अबकारीनेही अलीकडे बाजू बदलली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये ड्राफ्ट बिअरवर बाटलीपेक्षा कमी कर लागतो. पात्र किमान ४० लिटरचे असावे, असा मूळ प्रस्ताव होता. लहान कारखान्यांची पिंपे त्याहून लहान असल्याने त्यांनी ओरड केली आणि ते माप २० लिटरवर आले.