हजेरी आणि घर : यवतवरून दिसणारा इतिहास

मंडळी, माणूस राहतो कुठे हे कोण ठरवतं? आपण पटकन म्हणतो, ज्याचं तो ठरवतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘ज्याचं तो’ म्हटलं की आम्ही जरा थांबतो. इतिहासात बघितलं तर बहुतेकांचं घर त्यांच्या हजेरीने ठरवलेलं दिसतं. हजेरी कुणापुढे लावायची, किती वाजता लावायची, त्यावरून घर.

उदाहरणाला यवत घेऊ. दौंड तालुक्यातलं गाव, पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटर, सोलापूर रस्त्यावर. तुकोबांच्या पालखीचा लोणी काळभोरनंतरचा मुक्काम इथे असतो, आणि इथली पिठलं-भाकरी वारकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. मुक्काम आणि वस्ती हे दोन शब्द आज लक्षात ठेवा. मुक्काम म्हणजे उद्या निघायचंय हे माहीत असूनचं राहणं. वस्ती म्हणजे झाड लावून राहणं.

जुन्या गावगाड्यात काम आणि घर एकाच ठिकाणी होतं. ऐकायला गोड वाटतं, पण ते सगळ्यांना गोड नव्हतं. महार वतनदाराला थोडी जमीन आणि बलुतं मिळायचं. त्या बदल्यात गाव आणि सरकार हाक मारील तेव्हा हजर. वेळेला धरबंध नाही. एक माणूस नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. ते तडीस गेलं नाही. ही वतनं अखेर १९५८च्या कायद्याने गेली. म्हणून आम्ही सांगतो, घराजवळचं काम म्हणजे स्वातंत्र्य, असं समीकरण मांडू नका. ठरलेले तास आणि रोख पगार देणारी शहरातली नोकरी, हीच कित्येकांची सुटका होती.

मग रेल्वे आली. १८५८ साली पुण्यापर्यंत गाडी पोचली, १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रूळ गेले; यवत त्याच मार्गावर. रेल्वेने काय केलं? हजेरी आणि घर यांच्यात अंतर पडू दिलं. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे ‘दख्खनची राणी’ सुरू झाली, आणि पुढे ती पासधारकांची गाडी म्हणून ओळखली गेली. घर पुण्यात, खुर्ची मुंबईत! दौंड-पुणे मार्गावर तेच लहान प्रमाणात घडलं. २०१७ साली इथे डेमू आली. यवत, केडगाव, पाटस इथला माणूस सकाळी पुण्याला जातो, रात्री परत येतो. पगार ऑफिसातल्या तासांचा मिळतो. गाडीतले तास त्याचे स्वतःचे जातात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हजेरी एकदम घरात आली. त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांना ऑफिसात यावं लागणार नाही. नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरचे नियम सैल केले. हे ऐकून कुणी भाड्याची खोली सोडली, कुणी गावच्या घरावर मजला चढवला, मुलाचं नाव गावच्या शाळेत घातलं. त्यांनी वस्ती केली. आणि त्याच कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजर राहायला सांगितलं. ज्याला आपण वस्ती समजलो तो मुक्काम निघाला.

आता उलट्या दिशेची हजेरी बघा. जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांनी मुख्यालयी राहावं, असा नियम आहे. घरभाडे भत्ता त्याला जोडलेला. २०१९च्या शासन निर्णयात त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला, आणि २०२२ साली विधानसभेत यावरून बराच वाद झाला. शिक्षक म्हणतात, गावात राहण्याजोगं घर नाही, आमच्या मुलांचं शिक्षण तालुक्याला आहे. गावकरी म्हणतात, शाळा सुटली की गुरुजी दिसत नाहीत. दोघांचंही खरं आहे. एका नोकरदाराला हुकूम येतो, गाव सोड आणि शहरात ये. दुसऱ्याला येतो, शहर सोड आणि गावात राहा.

मग न्याय कसा करायचा? आमच्या मते हुकूम देणाऱ्याला एक प्रश्न विचारावा : ही जागा कामाला लागते, की तुमच्या अविश्वासाला? रात्री-अपरात्री जिची गरज लागते त्या नर्सने जवळ राहायला हवं. पण मग तिला तिथे नीट घर देणंही आलंच. नवा मुलगा अनुभवी माणसाच्या शेजारी बसून शिकतो, हेही मान्य. पण जे काम तीन वर्षं यवतच्या ओसरीवरून बिनबोभाट झालं, त्याला आता शहरातलीच खुर्ची का लागते, याचं उत्तर मालकाने द्यायला पाहिजे. उत्तर नसेल, तर निदान त्या प्रवासाचा आणि भाड्याचा भार त्याने उचलावा.

१९२८चं विधेयक मुळात हेच मागत होतं : हजेरी मागता, तर तिची वेळ आणि मोल ठरवा. ती मागणी अजून जुनी झालेली नाही. आता आपले प्रश्न घेऊ या.