शिंगाआडची मुळाक्षरे

एप्रिल १६९१. बॉस्टनमधले बडे प्रस्थ असलेल्या सॅम्युअल स्यूअल यांचा जोसेफ अजून तीन वर्षांचाही झाला नव्हता, तरी त्याची शाळेत रवानगी झाली. शाळा म्हणजे एका कॅप्टनच्या आईचे घर. सोबतीला नात्यातली बहीण जेन आणि जोसेफचे हॉर्नबुक. स्यूअलसाहेबांनी रोजनिशीत याची आवर्जून नोंद केली. (पुढच्याच वर्षी हे गृहस्थ सेलमच्या चेटकीण-खटल्यांत न्यायासनावर बसले.)

नाव हॉर्नबुक असले तरी या बुकाला पान एकच. मूठ असलेली छोटी लाकडी फळी, तिच्यावर छापील कागद आणि कागदावर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा. कडेने पितळी पट्टी, बारीक चुका ठोकून घट्ट बसवलेली. मुठीला भोक, त्यात दोरी ओवली की कमरेला अडकवता येई. पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडात रुळलेली ही वस्तू वसाहतवाल्यांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेत आली.

शिंग घालण्यामागे निव्वळ काटकसर होती. कागद महाग, आणि पोरांचे हात ओले, चिकट. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत कागदाची पहिली गिरणी निघाली तीच १६९० मध्ये, फिलाडेल्फियाजवळ. काच परवडत नव्हती; बैलाची शिंगे मात्र खाटकाकडे मुबलक. शिंग पाण्यात भिजत घालायचे, तापवून मऊ करायचे, उभे चिरून सपाट दाबायचे, मग त्याचे पदर सुटे करून खरवडून-घासून पार आरपार दिसेपर्यंत तलम करायचे. कंदिलालाही हेच पापुद्रे लावत.

पापुद्र्याखालचा मजकूर ठरलेला. सुरुवातीला क्रूस, मग मुळाक्षरे, मग स्वर-व्यंजनांच्या जोड्या, म्हणजे आपल्या बाराखडीचीच जातकुळी. खाली पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचे नामस्मरण आणि शेवटी येशूने शिकवलेली प्रार्थना. प्रार्थना पोरांना कानाने आधीच पाठ असे; आता त्या ओळखीच्या आवाजांवर अक्षरे बसवायची. युक्ती नामी होती. पण तो क्रूस प्युरिटनांना, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या कडव्या प्रोटेस्टंटांना, खुपे. क्रूस त्यांच्या लेखी पोपची निशाणी. सेलमच्या जॉन एंडेकॉटने तर १६३४ मध्ये इंग्लंडच्या झेंड्यातलाच क्रूस काढून टाकला होता! काही हॉर्नबुकांवरूनही तो पुढे गायब झाला.

एवढ्या लहान वयात अक्षरांची घाई कशासाठी? तर बायबल ज्याचे त्याने वाचायला हवे म्हणून. मॅसॅच्युसेट्सने १६४२ मध्येच मुलांच्या वाचनाची जबाबदारी आईबाप आणि मालकांवर टाकली. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला शिक्षक नेमणे आणि शंभर घरांच्या गावाला लॅटिन व्याकरणशाळा काढणे भाग पाडले. कायद्याच्या प्रास्ताविकात थेट सैतानावर आरोप आहे: लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवणे हा त्या जुन्या ठकाचा मुख्य डाव. शिक्षणखात्याच्या फायलीत सैतान क्वचितच इतक्या सरळ सापडतो.

माझ्या मते हॉर्नबुकाची खरी गोम दुसरीच आहे. त्याच्यावर काही लिहिता येत नाही. शिंगावरून बोट किंवा काडी फिरवायची, अक्षर म्हणायचे, एवढेच. वाचन आणि लेखन ही तेव्हा दोन वेगळी शिक्षणे होती. वाचन आधी, बहुधा घरी किंवा एखाद्या बाईंच्या ओसरीवर, सूतकताई-शिवणाच्या जोडीने. लेखन नंतर, वेगळी फी घेणाऱ्या पंतोजीकडे, आणि तेही मुख्यतः मुलग्यांना. वाचन मोक्षासाठी, लेखन व्यवहारासाठी. मुलीला मोक्ष हवा, हिशेबवही कशाला? म्हणून जुन्या मृत्युपत्रांवर निशाणी करणाऱ्या बाईला सरसकट निरक्षर समजण्यात अर्थ नाही. तिने अख्खे बायबल वाचलेले असू शकते.

बेंजामिन हॅरिसच्या ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ या बालपुस्तकाने १६९० च्या आसपास हॉर्नबुकाची जागा घ्यायला सुरुवात केली. त्यात चित्रे आली, यमके आली, आदमच्या पापाने अक्षरओळख सुरू झाली. वाचन-लेखनातली भिंत मात्र कायम राहिली, आणि दक्षिणेकडच्या वसाहतींत ती कायद्याने बांधली गेली. १७३९ च्या गुलामांच्या स्टोनो बंडानंतर साउथ कॅरोलायनाने १७४० मध्ये गुलामांना लिहायला शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड ठेवला. लिहिता आले, तर गुलाम बाहेर जाण्याच्या परवान्याची चिठ्ठी स्वतःच खरडेल, ही धास्ती. वाचनाबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. त्याच फटीतून अलेक्झांडर गार्डन या पाद्र्याने १७४३ मध्ये चार्ल्सटाउनला कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. शिकवायला दोन तरुण होते, हॅरी आणि अँड्र्यू. धर्मप्रसारक संस्थेने त्यांना याच कामासाठी विकत घेतले होते.