चंद्राच्या कवचाचे रासायनिक संघटन

चंद्राचे कवच हा चंद्राचा सर्वांत बाहेरचा खडकाळ थर होय. त्याची सरासरी जाडी ३४ ते ४३ किलोमीटर असावी, असा अंदाज आहे. चंद्र जन्मानंतर लवकरच मोठ्या प्रमाणावर वितळलेला होता, या मताचा मुख्य आधार कवचातील मूलद्रव्यांच्या वाटणीत सापडतो.

संघटन

चंद्रावरील उजळ उच्चभूमी मुख्यतः ॲनॉर्थोसाइट या खडकाची बनलेली आहे. त्यात कॅल्शियम व ॲल्युमिनियमयुक्त प्लॅजिओक्लेज हे खनिज विपुल असते. ‘सागर’ म्हणून ओळखले जाणारे काळसर प्रदेश म्हणजे नंतर प्रावरणातून वर आलेल्या लाव्ह्याचा लोहसमृद्ध बेसाल्ट होय.

शिलारस-महासागर

अपोलो ११ मोहिमेने १९६९ मध्ये शांतिसागरातून आणलेल्या मातीत ॲनॉर्थोसाइटचे पांढरे कण आढळले. त्यावरून १९७० मध्ये जॉन वुड व जोसेफ स्मिथ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे पुढील परिकल्पना मांडली: आरंभी चंद्रावर शिलारसाचा खोल महासागर होता, तो निवताना ऑलिव्हीन व पायरोक्सीन ही जड खनिजे तळाशी गेली आणि हलके प्लॅजिओक्लेज तरंगून वर साचले.

युरोपियमचा पुरावा

चंद्रावरील ऑक्सिजन-न्यून परिस्थितीत युरोपियम हे मूलद्रव्य कॅल्शियमची जागा घेऊन प्लॅजिओक्लेजमध्ये सहज सामावते. उच्चभूमीच्या ॲनॉर्थोसाइटमध्ये शेजारच्या विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या तुलनेत ते अधिक, तर सागरी बेसाल्टमध्ये कमी आढळते. म्हणजेच बेसाल्ट ज्या प्रावरणातून आला, त्यातील युरोपियम आधीच कवचात गेले होते.

चांद्रयान-३

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुमारे ६९° दक्षिण अक्षांशावर उतरले. प्रज्ञान बग्गीवरील अल्फा कण क्ष-किरण वर्णपटमापीने सुमारे १०३ मीटरच्या मार्गावर २३ ठिकाणी मातीचे मापन केले. हे उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील माती बरीचशी एकसमान व ॲनॉर्थोसाइटप्रधान आहे. पूर्वीचे नमुने विषुववृत्तीय व मध्य अक्षांशांतील असल्याने, शिलारस-महासागराच्या परिकल्पनेला यामुळे ध्रुवानजीकच्या प्रदेशातून दुजोरा मिळाला.

उत्पत्ती व मतभेद

चंद्र व पृथ्वी यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण जवळजवळ सारखे आहे. परंतु सोडियम व पोटॅशियम यांसारखी बाष्पनशील मूलद्रव्ये चंद्रावर कमी आहेत. आद्य पृथ्वीवर मोठा पिंड आदळून चंद्र निर्माण झाला, या सिद्धान्ताशी या बाबी सुसंगत मानल्या जातात. मात्र एका ॲनॉर्थोसाइट नमुन्याचे वय सुमारे ४३६ कोटी वर्षे, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी आढळले आहे. त्यामुळे चंद्र उशिरा जन्मला, महासागर सावकाश गोठला, की हा खडक नंतर तयार झाला, याविषयी मतभेद आहेत.